डावे आटे

तायड्यांच्या घरात कोणी काही विसरलं की त्याला 'भाऊचा नट' म्हणत. दूध उतू गेलं, भाऊचा नट. एसटीचा पास घरीच राहिला, भाऊचा नट. सासरी आलेल्या सुनांनी हा शब्द महिन्याभरात उचलला आणि नातवंडांनी तर बोलायला लागल्या लागल्या. ज्या भाऊरावाच्या नावाने तो चालला होता तो बुलढाण्याला राहायचा, मोताळ्याच्या घरी लग्नाकार्यापुरता यायचा, त्यामुळे म्हणताना कोणाची जीभ अडखळत नसे. आणि सगळ्यांत जास्त कोण म्हणत असेल, तर त्याचा सख्खा थोरला भाऊ, इंद्रभान.

म्हणून त्या शुक्रवारी भर दुपारी तोच इंद्रभान एक जुना लोखंडी नट हातात धरून आपल्या सुतारी कारखान्यात मटकन खाली बसला, तेव्हा बघायला कोणी नव्हतं हे बरंच झालं. साठी ओलांडलेला माणूस, गावात इंद्रभान मिस्त्री म्हणून मान, आणि घाम असा फुटलेला की नाकावर चष्मा ठरेना.

त्याचा मुलगा संघर्ष बाहेर टेम्पोवाल्याला चहा पाजत होता. गेलं दीड वर्ष या पोराने एकच ध्यास घेतला होता, आजोबांची गोल करवत पुन्हा चालू करायची. बिडाचं टेबल, मधल्या फटीतून वर आलेली करवत, इंग्रजांच्या काळातलं काम. चार माणसांना हलत नसे. पुंजाजी तायडे तरुणपणी मलकापूरच्या एका जिनिंगमध्ये हमाल म्हणून लागले, तिथल्या सुतारखात्यात बघून बघून हात बसवला, आणि जिनिंग मोडीत निघाली तेव्हा ही करवत बैलगाडीत घालून मोताळ्याला आणली. ज्याच्या बापाला पाटलाच्या ओसरीवर चढता येत नव्हतं, त्याच्या दारातली ती पहिली मशीन. गावातल्या निम्म्या घरांच्या चौकटी तिच्यावर चिरल्या गेल्या. मग चौऱ्याण्णव साली तिने धाकट्या भाऊरावाच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली, आणि तेव्हापासून ती ताडपत्रीखाली होती.

संघर्षने ताडपत्री काढली ती सहज नाही. असल्या मशीनचे भाग आता दुकानात मिळत नाहीत, हे त्याला पहिल्याच महिन्यात कळलं. करवतीचा दांडा, म्हणजे शॅफ्ट, ज्यात फिरतो ती बेअरिंगची वाटी पांढऱ्या धातूची, वितळवून ओतावी लागते. ते काम येणारा एकच म्हातारा खामगावात उरला होता, त्याच्या तो चार वेळा पाया पडला. करवत वर-खाली करायचं चाक कधीच हरवलं होतं. त्यासाठी इंद्रभानने स्वतः सागवानात नमुना कोरला, अगदी सुताच्या हिशेबात, आणि अकोल्याच्या भट्टीतून चाक आलं ते दोन सूत, म्हणजे पाव इंच, लहान. ओतलेलं बीड थंड होताना आकसतं, नमुना थोडा मोठा करावा लागतो, हे सुताराला कोण सांगणार? "भाऊचा नट झाला माह्या," असं इंद्रभान तेव्हा आपल्याच कपाळावर हात मारून हसला होता आणि दुसरा नमुना कोरायला बसला होता.

राहिला होता शॅफ्ट. आपला जुना गंजून चाळण झालेला. तो शोधून काढला समताने. समता भाऊरावाची मुलगी, बुलढाण्याच्या कोर्टात नोकरीला. तिने जुन्या मशिनींचं वेड असलेल्या कुठल्याशा ग्रुपवर फोटो टाकला आणि कोणीतरी कळवलं की हुबेहूब अशी करवत संग्रामपूरला हरिओमशेठच्या बंद आरा गिरणीत धूळ खात पडली आहे. संघर्ष सकाळीच गेला आणि शॅफ्ट, त्यावर करवत धरून ठेवणारा नट, सगळं घेऊन आला. परवा रविवारी पुंजाजींचा स्मृतिदिन. त्या दिवशी सगळ्यांसमोर करवत चालू करायची असं ठरलं होतं, आणि समताने शब्द दिला होता की पप्पांना आणीनच.

तर झालं असं, की संघर्ष बाहेर चहा पाजेपर्यंत इंद्रभानने सवयीने माप बघितलं. संग्रामपूरचा नट उचलला आणि आपल्या जुन्या शॅफ्टच्या टोकावर लावला. जाडी तीच, पण नट चढेना. आट्यांत, पिळाच्या खाचांत, माती असेल म्हणून त्याने रॉकेलचा फडका फिरवला, ब्रशने घासलं. नट पहिल्याच आट्याला अडून बसला. मग त्याने तो त्याच्या स्वतःच्या, संग्रामपूरच्या शॅफ्टवर लावून पाहिला. नेहमीसारखा उजवीकडे फिरवला तर तिथेही धरेना. कंटाळून डावीकडे फिरवला, आणि नट सुळकन आत गेला.

उलटे आटे होते.

इंद्रभानला सुरुवातीला एवढंच वाटलं की संग्रामपूरवाल्याने काहीतरी विचित्र करून घेतलंय. मग त्याचा हात थांबला. चाळीस वर्षं मशिनींवर काढलेल्या माणसाला यापुढचं कोणी सांगावं लागत नाही. करवत या टोकाला ज्या दिशेने फिरते, त्याने साधा नट हळूहळू सुटत जातो. म्हणून त्या टोकाला मुद्दाम उलटे, डावे आटे कापतात. मग करवत जेवढी चालेल तेवढा नट आवळत जातो. संग्रामपूरचा शॅफ्ट बरोबर होता. चुकला होता तो तायड्यांचा. आणि तो खामगावहून करून आणला होता खुद्द इंद्रभानने.

चौऱ्याण्णवचा तो आठवडा त्याच्या डोक्यात एकदम, सबंध, वासासकट परत आला. मूळ शॅफ्ट नेमका आट्यांपाशी तुटला होता, आणि तुटलेलं टोक नटासकट भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेलं होतं. बाबा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी बुलढाण्याच्या दवाखान्यात पडून. इंद्रभान विचारायला गेला तेव्हा त्यांनी खाटेवरूनच सांगितलं, "नवा शॅफ्ट करून आन. खरादवाल्याले सांगजो, आटे डावे."

आटे डावे! नट होताही मशीनच्या डाव्या अंगाला. इंद्रभानने ते ऐकलं, डाव्या बाजूला आटे, आणि मान डोलावली. खामगावचा खरादवाला लेथ थांबवून आट्यांबद्दल विचारत होता, "चूडी सीधी रखूं क्या?" आणि हा शहाणा म्हणाला, "हो हो, सीधीच. फक्त डाव्या बाजूले पाहिजे." परतीची एसटी चुकेल या घाईत होता.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण आठवण एकदा निघाली की अर्ध्यावर थोडीच थांबते. नवा शॅफ्ट बसवला त्या सकाळी बावीस-तेवीस वर्षांचा भाऊ पाना हातात घेऊन म्हणाला होता, "दादा, पहिले नट इकडं आवळत होतो, आता तिकडं आवळा लागते. असं काऊन?"

आणि इंद्रभान म्हणाला होता, "बरं झालं ना बे. आता साऱ्या जगासारखा झाला."

तिसऱ्या दिवशी नट सुटला, करवत हलली, फळी उसळली आणि भाऊचा हात आत ओढला गेला. बाबा दवाखान्यातून आले, तोवर नट भुश्यात सापडला होता. रोज सकाळी नट आवळणं हे भाऊचं काम. नट सुटला म्हणजे आवळला नव्हता, इतका सरळ हिशेब बाबांनी केला. भाऊ पट्टी बांधलेला हात छातीशी धरून एकच सांगत राहिला, "मी आवळलता." पुंजाजी पंचशीलाला घट्ट धरून चालणारा माणूस, त्यातही चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या. ते म्हणाले, "हात गेला ते मी सोसीन भाऊ, खोटं नाही सोसणार." त्या दिवसापासून त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं आणि तीन वर्षांनी तसेच गेले.

त्या वेळी इंद्रभान शेजारीच उभा होता. काही बोलला नव्हता. खोटं बोलला नव्हता हेही खरं; त्याला आटे आठवलेच नव्हते. माणसाला आपली चूक किती सोयीने आठवत नाही, याला काही सुमार नाही.

"पप्पा, जमला का नट?" संघर्ष हात पुसत आत आला. त्याने दोन्ही शॅफ्ट शेजारी ठेवले, वाकून पाहिलं आणि शीळ घातली. पोरगं हुशार, अर्ध्या मिनिटात ताडलं. "अरे! आपल्याले तं सीधे आटे हायेत. या टोकाले सीधे कसे चालतील? पप्पा, हा शॅफ्ट कोणी केलता?"

इंद्रभानने चष्मा काढून पुसला. तेवढ्यात सांगता आलं असतं. दोन शब्दांचं काम होतं.

"मले काय माहीत," तो म्हणाला. "बाबानंच करून आनला असन."

"म्हणजे काकाचा नट..." संघर्षचे डोळे मोठे झाले. "म्हणजे काकानं आवळला असन तरी सुटलाच असता!"

"जाऊ दे आता," इंद्रभान म्हणाला. "जुनी गोष्ट." आणि तो उठून विनाकारण नळावर हात धुवायला गेला.

शनिवार त्याने नुसता घालवला. टेबलाला तेल लाव, पट्टा ताण, पुन्हा ढिला कर. जेवताना बायको म्हणाली तब्येत बरी दिसत नाही, तर तिच्यावरच खेकसला. दुपारी फोन लावला. भाऊचा आवाज ऐकताच त्याच्या तोंडून निघालं, "उद्या कोन्त्या गाडीनं येता?" भाऊ म्हणाला, साडेआठच्या. इंद्रभान म्हणाला, बरं. आणि फोन ठेवला, कारण यापलीकडे त्यांच्यात बोलायची सवयच उरली नव्हती.

रविवारी सकाळी कारखाना झाडून लख्ख केला होता. करवतीच्या टेबलाशेजारी स्टुलावर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली पुंजाजींचा, पांढऱ्या सदऱ्यातला. ऐंशी पार केलेल्या सिंधूताईंना, इंद्रभानच्या आईला, खुर्चीवर आणून बसवलं होतं. नवं पांढरं लुगडं, कान थोडे मंद, बाकी शाबूत.

भाऊराव आला, पण दारातच थांबला. तीस वर्षांत त्याने या शेडमध्ये पाऊल ठेवलं नव्हतं. घरी यायचा, आईजवळ बसायचा आणि अंगणातूनच जायचा. उजवा हात पँटच्या खिशात. आताही त्याने चौकटीला खांदा टेकवला आणि आतल्या चकचकीत मशीनकडे असं पाहिलं, की इंद्रभानला दुसरीकडे बघावं लागलं.

"आत या ना पप्पा," समता म्हणाली.

"अठीच बरा हावो मी. वारं लागते."

वंदना झाली. सिंधूताईंचा आवाज सगळ्यांच्या पुढे. एकेक शील म्हणत चौथ्याशी आले, मुसावादा, आणि तिथे इंद्रभानने शब्द गाळला. जन्मभर रोज म्हटलेलं. त्याने नुसते ओठ हलवले. बाजूच्या कोणाला कळलं नाही, पण स्टुलावरच्या फोटोकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

मग संघर्ष पुढे झाला. पोरगं आनंदाने नुसतं उतू जात होतं. दोन दिवस पोटात ठेवलेली गोष्ट आता सांगायची होती.

"मशीन सुरू करायच्या आधी मले एक सांगायचं हाये. काका, खास तुमच्यासाठी." त्याने जुना शॅफ्ट टेबलावर ठेवला आणि मशीनवर बसवलेल्या शॅफ्टचं टोक दाखवलं. "आपल्या घरात तीस वर्सं एक शब्द चालून राह्यला. मीबी लय वेळा म्हनलो. तो शब्द खोटा हाये."

त्याने नट लावून दाखवला, फिरवून दाखवला, करवत कुठल्या अंगाने फिरते ते हाताने दाखवलं. सिंधूताईंनाही समजेल असं सोपं करून सांगितलं. "तवा काकानं नट कितीही आवळला असता, तरी तो सुटनारच होता. शॅफ्टच चुकीचा कापून आनलता."

समताच्या तोंडून "काय?" एवढंच निघालं. तिने वळून बापाकडे पाहिलं. भाऊराव जागचा हलला नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, हे इंद्रभानने पाहिलं.

"कोनं कापून आनलता?" सिंधूताईंनी विचारलं.

संघर्ष जरा चाचरला. "आजोबानं. चूक कोणाचीबी होऊ शकते आजी, त्यात..."

"कोन म्हन्ते?"

"पप्पानं सांगतलं."

म्हातारी खुर्चीच्या दांड्याला धरून अर्धी उठली. "ते तं दवाखान्यात होते! टाके बी निघाले नव्हते. मी उशापाशी होती. त्यायनं कुठून आनला शॅफ्ट? पडल्या पडल्या इंद्रभानले सांगतलं त्यायनं, माह्या समोर सांगतलं, का डावे आटे कर म्हना. मले त्यातलं काही समजे नाही, पन शब्द ध्यानात हाये माह्या." तिने इंद्रभानकडे तोंड वळवलं. "मेल्या मानसावर काऊन ढकलतं रे?"

संघर्ष बापाकडे बघत होता, आणि त्या नजरेतला आनंद हळूहळू आटत गेलेला इंद्रभानला स्पष्ट दिसला.

"मीच आनलता," इंद्रभान म्हणाला.

आवाज इतका बारीक निघाला की सिंधूताईंनी "आं?" केलं. त्याला ते पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं. मग तो बोलतच सुटला. खरादवाला, घाई, डावे म्हणजे डाव्या बाजूचे हा त्याने लावलेला अर्थ, आणि भाऊने विचारलेला प्रश्नही. तोही त्याने लपवला नाही. "भाऊनं मले त्याच दिवशी म्हनलं होतं, नट उलटा आवळा लागते म्हनून. मी हसण्यावारी नेलं. परवा नट हातात आला तवा आठवलं सारं. अन् तरीबी संघर्षले मी खोटं सांगतलं."

"माह्या तोंडावर," संघर्ष म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "मले वाटलं काकाची सुटका करून राह्यलो मी. तुमी माह्याच तोंडून आजोबाले दोषी केलं." तो बापापासून दूर सरकला आणि समताच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

इंद्रभान दारापाशी गेला. भाऊच्या समोर उभा राहिला. पायांवर डोकं ठेवावं असं त्याला वाटलं, पण थोरल्या भावाला ते कसं करतात हे ठाऊक नसतं. "भाऊ," तो म्हणाला, "माह्यामुळं झालं. हातबी, अन् बाबाचंबी."

"मले माहीत हाये," भाऊराव म्हणाला.

"आता समजलं ना, म्हनून तं..."

"आता नाही दादा. मले नव्याण्णव सालीच समजलं."

त्याने खिशातला हात बाहेर काढला. अंगठा आणि करंगळी, मध्ये गुळगुळीत कातडी. त्या हाताने त्याने चौकट धरली. "आयटीआयच्या भांडारात लागलो ना मी, तठी एक पोट्टं ग्राइंडरचा नट खोलून राह्यलं होतं. डाव्या अंगचा खुलेच ना. मास्तर आले अन् म्हने, अरे, हे डावे आटे हायेत, याले उलटं फिरव. मी तठी उभा होतो रजिस्टर घेऊन. मले मी तुले इचारलेलं आठवलं. अन् तू काय म्हनलं तेबी."

"मंग बोलला काऊन नाही?" हे इंद्रभानने विचारलं, पण विचारताना त्यालाच लाज वाटली.

"कोनाले बोलू? बाबाले जाऊन दोन वर्सं झालती. तुले म्हनू? तू म्हनला असता, हा अजून खोटंच बोलून राह्यला, आता माह्यावर ढकलून राह्यला. साऱ्या घरानं तेच म्हनलं असतं." तो थोडा थांबला. "म्हनलं, दादा मिस्त्री हाये. कवा ना कवा मशीन उघडन, आटे पाहीन, अन् येईन माह्याकडं. वाट पाह्यली. तू ताडपत्रीच काढली नाही."

इंद्रभानला सांगता आलं असतं की भीतीने काढली नाही, त्या मशीनकडे बघवत नव्हतं. खरंही होतं ते. पण ते सांगून कोणाचं काय भलं होणार होतं.

"माह्यापाशी नको सांगू," भाऊराव म्हणाला. "समताले सांग. नऊ वर्साची होती, उन्हाळ्यात अठी राहून आली अन् मले इचारे, पप्पा, भाऊचा नट म्हंजे तुमीच ना? मी म्हनलं, बेटा, मी आवळलता. तिनं मान हालवली. पन लहान लेकरू बापाले खुश कराले मान हालवते ना, तशी. ते मले समजलं. तवापासून मी तो विषय नाही काढला तिच्यापाशी."

समताचा चेहरा रडवेला झाला होता. इंद्रभान तिच्याकडे वळला. चार माणसांत चूक कबूल करायची त्याला सवय नव्हती, पण त्याने मान खाली घातली नाही. तिच्याकडे पाहूनच बोलला. "समता, तुह्या बापानं नट आवळला होता. तो कधी खोटं बोलला नाही. मी त्याच्या नावानं तीस वर्सं हसलो."

समता दारापाशी गेली आणि भाऊरावाचा चौकटीवरचा हात दोन्ही हातांत घेतला. लहानपणी त्या हाताला ती घाबरायची; हे घरात सगळ्यांना माहीत होतं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "पप्पा, तीन वर्सं आजोबा तुमच्याशी एकदाबी नाही बोलले? शेवटीसुद्धा नाही?"

भाऊरावाने इंद्रभानकडे पाहिलं. हे तू सांग, असं ते बघणं होतं, आणि काय सांगायचं ते फक्त त्या दोघांना ठाऊक होतं.

"निरोप धाडलता बाबानं," इंद्रभान म्हणाला. "मीच घेऊन गेलतो बुलढाण्याले. बाबाचं आता काही खरं नव्हतं. म्हने, भाऊले म्हना, एकडाव खरं बोल, नट आवळला नव्हता म्हन, मंग मी सारं इसरतो. ये भेटाले."

"हे मले काऊन नाही सांगतलं कोनं?" सिंधूताई म्हणाल्या. "मी म्हनत होती, का पोरगं हटखोर हाये. बाप मराले टेकला तरी आलं नाही."

"मी म्हनलं होतं, मी खरंच बोललो," भाऊराव म्हणाला. "दादा परत गेला. दुसऱ्या दिवशी फोन आला, बाबा गेले म्हनून."

आत संघर्षने मशीनचं बटण दाबलं नव्हतं, आणि ते दाबायचं आहे हे कोणाच्या ध्यानातही राहिलं नव्हतं. फोटोपुढची मेणबत्ती निम्म्यावर आली होती. इंद्रभान भावाजवळ उभा होता, हाताच्या अंतरावर, आणि एवढ्या जवळ ते दोघे किती वर्षांनी उभे होते हे त्याला मोजता येईना.

भाऊराव पुंजाजींच्या फोटोकडे बघत होता. "त्या रात्री मी लय इचार केलता दादा. म्हनलं, काय जाते आपलं? म्हनून टाकू, हो बाबा, नाही आवळला. पन बाबानंच शिकवलं होतं ना, खोटं बोलाचं नाही." त्याने तळहाताने तोंड पुसलं. "एक खोटं बोललो असतो, तं बाबाची भेट झाली असती."

सिंधूताईंनी पदर तोंडाला लावला. इंद्रभानने मान वळवून सकाळपासून पहिल्यांदा स्टुलावरच्या त्या फोटोकडे पाहिलं.